ट्रस्टवरील कर शिकण्याआधी ट्रस्टचा कायदा कशाला?

ऑस्ट्रेलियात कर-कायद्याचे पदव्युत्तर शिक्षण घेऊ पाहणाऱ्या अकाउंटंट मंडळींमध्ये एक मत बरेच पसरले आहे. ट्रस्टच्या कर-आकारणीच्या विषयाला प्रवेश देताना ट्रस्ट-कायद्याचे पूर्वज्ञान मागणे ही निव्वळ अडवणूक आहे, असे ते सांगते. कर म्हणजे शेवटी हिशेब, कलमे काय वर्गात शिकता येतात आणि ही अट वकील नसलेल्यांना बाहेर ठेवण्यासाठीच घातली आहे, अशी त्याची तीन कारणे दिली जातात. यावर विसंबून प्रवेश घेणाऱ्याचे शुल्क आणि सत्र दोन्ही वाया जाऊ शकते, म्हणून हे उत्तर.

पहिले कारण हिशेबाचे. १९३६ च्या प्राप्तिकर निर्धारण कायद्याच्या कलम ९७ मध्ये दोन वेगळी उत्पन्ने येतात. एक ट्रस्टचे उत्पन्न, जे ट्रस्ट डीड (ट्रस्ट स्थापन करणारा आणि त्याचे नियम सांगणारा दस्तऐवज) आणि ट्रस्टचा कायदा ठरवतो. दुसरे निव्वळ उत्पन्न, जे कर-कायदा ठरवतो. समजा, पहिले १,००,००० डॉलर आहे, दुसरे १,२०,००० आणि लाभार्थ्याच्या वाट्याला पहिल्यातले ५०,०००, म्हणजे निम्मे, आले. त्याच्या करपात्र उत्पन्नात मात्र दुसऱ्याचे निम्मे, ६०,०००, धरले जातात, म्हणजे जे १०,००० त्याने पाहिलेही नाहीत त्यांवरही त्याला कर बसतो. कारण 'हिस्सा' म्हणजे रक्कम नसून प्रमाण, असे तेथील उच्च न्यायालयाने (ऑस्ट्रेलियात हेच सर्वांत वरचे न्यायालय) २०१० मध्ये बॅमफर्ड खटल्यात ठरवले. डीडमधील अधिकार वापरून विश्वस्ताने भांडवली नफा उत्पन्न म्हणून धरला, तर तो ट्रस्टच्या उत्पन्नात येतो, हेही त्याच निकालात मान्य झाले. गुणाकार दोन ओळींचा आहे. कशाला कशाने गुणायचे, हे डीड वाचता आल्याशिवाय कळत नाही.

दुसरे कारण अधिक फसवे आहे, कारण कलमे वर्गात शिकवली जातात हे खरेच आहे. पण लाभार्थ्याचा 'तत्काळ हक्क', म्हणजे उत्पन्नातला आपला वाटा लगेच मागण्याचा हक्क, केव्हा निर्माण होतो, याची संपूर्ण व्याख्या त्या कायद्यात नाही. ती न्यायालयांच्या निकालांतून घडली आहे. विवेकाधीन ट्रस्टच्या (ज्यात कोणाला किती द्यायचे हे विश्वस्त ठरवतो) विश्वस्ताने वाटपाचा ठराव ३० जूनला, म्हणजे करवर्षाच्या शेवटच्या दिवशी, न करता ३ जुलैला केला आणि डीडमध्ये ठराव नसल्यास कोणाला उत्पन्न मिळेल याची तरतूद नसेल, तर वर्षअखेरीस कोणाचाच हक्क उभा राहत नाही आणि साधारणपणे कलम ९९अ खाली विश्वस्तावर सर्वोच्च दराने कर लागतो. विश्वस्ताचा विवेकाधिकार म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ही केवळ कारकुनी मुदत वाटते. असे विषय अनेकदा मोजक्या दिवसांच्या सलग वर्गांत शिकवले जातात. त्यात पाया घालायला वेळ नसतो.

तिसऱ्या कारणाला फार शब्द लागत नाहीत. पूर्वज्ञान मागणे म्हणजे कायद्याची पदवी मागणे नव्हे, आणि कर-व्यवसायात मुरलेल्या अकाउंटंटना काही विद्यापीठे करविषयक पदव्युत्तर अभ्यासक्रमांना आवर्जून घेतात. अटीची भाषा पुष्कळदा मोघम असते, ही तक्रार मात्र मला रास्त वाटते: नेमके काय वाचून यावे, हे प्रवेशाच्या सूचनेतच लिहिले पाहिजे.

तोवर अर्जदाराने एखाद्या विवेकाधीन ट्रस्टचे डीड उघडून त्यात उत्पन्नाची व्याख्या आणि ठराव न झाल्यास लाभ कोणाला, ही दोन कलमे शोधून पाहावीत. ती सापडली नाहीत किंवा सापडूनही समजली नाहीत, तर आधी ट्रस्ट-कायद्याचा विषय घ्यावा.