पागोळ्यांचं पाणी रस्त्यावर सोडू नका

आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तरी एप्रिल लागला की वाडीवाडीत टँकरची वाट बघतात. मला याचा मनापासून राग येतो. जांभ्याची जमीन पाणी धरत नाही, कातळावरून ते व्हाळात, म्हणजे ओढ्यात, आणि व्हाळातून समुद्रात जातं, हे खरंच आहे. पण आपल्या छपरावर पडलेल्या पाण्याचं काय? हल्ली अंगणाला पेव्हर ब्लॉक घालतात आणि पन्हळीचं तोंड सरळ रस्त्याच्या गटारात सोडतात. आपणच पाणी घालवतो.

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. म्हणजे पडवीच्या २० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस झाला की दोनशे लिटरचं पिंप जवळपास भरतं. आषाढात एवढा पाऊस एका मोठ्या सरीत पडतो. खर्च काय, तर जुनं पिंप, उभा चिरलेला पीव्हीसी पाइप, तळाला एक नळ. पिंप खरेदी करताना आत आधी काय होतं ते विचारा, रसायनाचं असेल तर घेऊ नका. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, त्यात वर्षभराची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. तोंडावर बारीक जाळी किंवा जुनं धोतर घट्ट बांधाच. डासाच्या अंड्यांचे आठवडा-दहा दिवसांत उडणारे डास होतात आणि डेंग्यूचे डास अशाच साठवलेल्या पाण्यात वाढतात.

आता महत्त्वाचं. पिंपाचं पाणी मे महिन्यापर्यंत पुरेल, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. मोठ्या माडाला उन्हाळ्यात दिवसाला तीस-चाळीस लिटर लागतं, म्हणजे एक पिंप एका माडाला पाच-सहा दिवस. पिंप उपयोगी पडतं ते पावसाने उघडीप दिली की, आणि ऑक्टोबरच्या उन्हात मिरची-वांग्याची रोपं, मोगरा, कुंड्या जगवायला.

उन्हाळ्यासाठी जमिनीतच पाणी धरावं लागतं. माडाच्या आळ्याबाहेर चर खणून त्यात सोडणं, म्हणजे नारळाची काथ्याची सालं, पोकळ बाजू वर करून पुरायची. ती पाणी शोषून ठेवतात आणि काही वर्षं टिकतात. आपल्याकडे सोडणं चुलीत जातात किंवा परसात पडून राहतात, त्यांचा हा उपयोग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. वर पालापाचोळ्याचा जाड थर द्या. मोरीचं पाणी केळीला आणि अळवाला सोडायची आजी-पणजीची पद्धत होतीच, तेच माडाकडे वळवा. चार माणसांच्या आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी रोज शंभर लिटरच्या वर सहज जातं. कपड्यांचं साबणाचं पाणी मात्र एकाच झाडाला रोज घालू नका.

नवी काजूची किंवा आंब्याची कलमं लावली असतील तर जलकुंड करा. चार मीटर लांब, एक रुंद, एक खोल खड्डा म्हणजे चार हजार लिटर. आत जाड प्लास्टिक घालायचं, पण त्याआधी तळाला आणि कडांना गवत अंथरा, नाहीतर जांभ्याच्या टोकांनी ते फाटतं. पाऊस संपताना भरून घ्या आणि वर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप टाका. कलमाला आठवड्याला दहा लिटर धरलं, तरी दहा कलमं उन्हाळा पार करतात. भोवती कुंपण हवंच, लहान मुलं आणि गुरं आत पडता कामा नयेत.

खाडीकाठच्यांनी छपराचं पाणी विहिरीशेजारी जिरवायचं नक्की बघावं, कारण गोड्या पाण्याची पातळी उतरली की खारं पाणी आत सरकतं आणि विहीर मचूळ होते. खड्ड्यात खाली दगड, वर खडी, वर रेती, एवढं पुरतं. पाणी थेट विहिरीत मात्र सोडू नका, आणि गोठ्याजवळ किंवा संडासाच्या टाकीजवळ हा खड्डा घेऊ नका.