कंबरदुखी आणि शंभर दिवसांच्या गोळ्या : खुलासा
गावच्या ग्रुपवर फिरतंय, "जुनी कंबरदुखी म्हणजे मणक्यातलं इन्फेक्शन, शंभर दिवस अँटिबायोटिक घ्या." अर्धंच खरं. २०१३ मध्ये डेन्मार्कच्या १६२ रुग्णांच्या अभ्यासात फायदा दिसला होता, तोही चकती सरकलेल्या आणि एमआरआयमध्ये मणक्याच्या हाडात ठरावीक बदल असलेल्यांना. २०१९ मध्ये नॉर्वेत १८० जणांवर तपासलं, तर म्हणण्यासारखा फरक नाही. हे मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही! यवतमाळकडं ओटीत कापूस घेऊन दिवसभर वाकणाऱ्या बाईची कंबर दुखायला जंतूच कशाला हवेत? मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका. पण रात्री दुखणं वाढतं, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरतंय, तर मणक्याचा टीबीही असू शकतो. सरकारी दवाखान्यात त्याची औषधं फुकट मिळतात.