मुळाशी बर्फ टाकून 'एलियट' फळत नाही

"एलियट जातीची ब्लूबेरी पुण्यात गच्चीवर लावा. 'लेट सीझन' असल्याने ऊन सोसते. हिवाळ्यात रोज रात्री कुंडीत बर्फ टाका, आठवड्याला दोन चमचे व्हिनेगर घाला, कॉफीचा चोथा पसरा. एकच रोप पुरे, सहा महिन्यांत फळ." हा मेसेज सगळीकडे फिरतोय. कोथरूडच्या मावशीने तो वाचून दोन रोपांची आगाऊ रक्कमही भरली, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी बर्फ, कारण रोप मरतं ते त्यानेच. एलियट ही अमेरिकेच्या कृषी खात्याने १९७३ मध्ये आणलेली, थंड प्रदेशातली हायबुश, म्हणजे उंच झुडपाची जात. तिला हिवाळ्यात ० ते ७ अंशांची थंडी ८०० तासांहून जास्त लागते. पुण्यात जानेवारीचं सरासरी किमान तापमानच ११ अंशांच्या आसपास, आणि दुपारी पारा तिशीकडे. ही तूट बर्फाने भरून निघत नाही, कारण थंडी लागते ती फांदीवरच्या डोळ्यांना (सुप्त कळ्यांना), मुळांना नाही. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९२० साली हे दाखवून दिलं. उबदार काचघरातल्या ब्लूबेरीची एकच फांदी त्यांनी बाहेर थंडीत काढली. वसंतात तेवढीच फांदी पालवली, आतल्या फांद्या निजलेल्याच राहिल्या. झाड तेच, मुळं तीच! शंभर वर्षांपूर्वी निकाल लागलेली गोष्ट आज मेसेजमधून उलटी शिकवली जाते, याचा संताप येतो.

ब्लूबेरीची मुळं दोऱ्यासारखी बारीक आणि वरच्या थरातच पसरलेली. बर्फाने ती गारठतात, वितळलेल्या पाण्याने माती चिकचिकीत होते, मूळकूज लागते. आणि थंडी तर अपुरीच, म्हणून फेब्रुवारीत फांदीच्या टोकाला चार पानं, खालचे डोळे बंद, फुलकळ्या वाळलेल्या. हे पाहून लोक खत वाढवतात आणि उरलंसुरलं रोपही जातं.

'लेट सीझन' म्हणजे फळ उशिरा पिकणारी, एवढंच. मिशिगनमध्ये एलियट ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात येते. फळ निळं झालं तरी आंबटच असतं, आणखी आठवडाभर तरी झाडावर ठेवावं लागतं. उन्हाळा फारच आखूड असेल, तर थंड प्रदेशातही शेवटची फळं हिमात सापडतात. ऊन सोसण्याचा यात संबंधच नाही. एकट्या एलियटची फळं कमी आणि बारीक येतात. त्याच सुमाराला फुलणारी दुसरी जात शेजारी हवी. सहा महिन्यांत फळ? पहिली एक-दोन वर्षं तर फुलं खुडून टाकायची असतात.

व्हिनेगरचा फोलपणा घरीच तपासता येतो. कुंडीतली चमचाभर कोरडी काळी माती घेऊन तिच्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसली तर मातीत चुनखडी आहे आणि ती तुमचं आम्ल तिथल्या तिथे खातेय. २० किलो मातीत ५ टक्के चुनखडी धरली तर ती १ किलो झाली. तेवढी संपवायला ४ टक्क्यांचं व्हिनेगर ३० लिटर लागेल. दोन चमच्यांनी काय होणार? कॉफीचं आम्ल बरंचसं कपात उतरतं, चोथा जवळपास उदासीनच असतो.

ब्लूबेरीला आम्लधर्मी माती हवी, ४.५ ते ५.५ सामूची (pH), मेसेजमधल्या व्हिनेगर-कॉफीमागचा एवढा विचार मात्र बरोबर आहे. आणि पुण्यात ब्लूबेरी होतच नाही असंही नाही, हे मान्य करावं लागेल. पण त्यासाठी 'बिलॉक्सी' किंवा 'मिस्टी'सारख्या थोड्या थंडीवर भागणाऱ्या जाती घ्याव्या लागतात. कुंडी ४० लिटरची. तिच्यात माती अजिबात नको. क्षार निघून जाईपर्यंत धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सात भाग, परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) तीन भाग. बोअरचं पाणी असेल तर २० लिटरच्या बादलीत सायट्रिक ॲसिड एकेक ग्रॅम टाकत, ढवळत, मीटरवर सामू ५.५ होईपर्यंत थांबायचं. ग्रॅमचा ठोक आकडा देता येत नाही, प्रत्येक बोअरचं पाणी वेगळं. खत अमोनियम सल्फेटचं, पाण्यातून अगदी थोडं थोडं. राख, चुना आणि शेणखत लांब ठेवा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर लोहाची फवारणी नंतर. आधी बादलीतल्या पाण्याचा सामू बघा.