मामा, डिश बदलून कब्स दिसत नाहीत

मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन महिने एक लांबलचक फॉरवर्ड फिरतंय. वर तीन लाल सायरन आणि 'अमेरिकेतल्या प्रत्येक क्रीडाप्रेमी भारतीयाने वाचावे'. मी नेहमीप्रमाणे न वाचताच पुढे सरकले होते. पण परवा आयोवातल्या डे मॉइनहून मामाचा फोन आला. "अगं, डिश बसवून घेतली, बाहेरगावच्या बेसबॉल सामन्यांचं पॅकेज घेतलं, दीडशेच्या वर डॉलर गेले, आणि शिकागोच्या कब्सचा सामना लावला की नुसती पाटी येते, तुमच्या भागात उपलब्ध नाही. तुझ्याकडे येतात का?"

येतात. मी न्यू जर्सीत राहते, बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण जावयाने हौसेने तसलंच पॅकेज घेतलंय आणि आमच्या टीव्हीवर कब्स व्यवस्थित दिसतात. आयोवात चाळीस वर्षं कब्ससाठी जीव टाकणाऱ्या माणसाला मात्र नाही. मग मी ते फॉरवर्ड शोधून काढलं आणि दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना डोकं तापलं.

त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं. 2007 साली डायरेक्टीव्ही या डिशवाल्या कंपनीने 70 कोटी डॉलर मोजून अख्खं बेसबॉल विकत घेतलं, म्हणून केबलवाल्यांना आपला आवडता संघ दिसत नाही. डिश बसवून पॅकेज घेतलं की तीसही संघांचे सगळे सामने दिसतात. सिनेटने तो करार रद्द केला होता, पण ते दाबलं गेलं. 1922 पासून बेसबॉलला कोर्टाची माफी आहे, त्यामुळे कुणी काही करू शकत नाही. पॅकेजवाल्यांना 4.7 अब्ज डॉलरमधून भरपाई मिळणार आहे. आणि भारतात हे असलं काही चालत नाही.

आधी यातला दुसरा दावा घेते, डिश बसवली की सगळं दिसतं हा, कारण मामाचे पैसे त्यात गेले.

त्या पॅकेजचं नाव एक्स्ट्रा इनिंग्ज असो नाहीतर इंटरनेटवरचं एमएलबी टीव्ही, ते 'बाहेरगावच्या' सामन्यांचंच असतं. बाहेरगाव म्हणजे काय, हे तुम्ही ठरवायचं नाही, लीगने ठरवायचं. मेजर लीग बेसबॉल (एमएलबी) या तिथल्या सर्वात वरच्या लीगने देशाचे तुकडे पाडून प्रत्येक संघाला टीव्हीपुरता मुलूख वाटून दिलाय. ज्या मुलखात तुमचं घर, तिथल्या संघाचा सामना पॅकेजवर बंद. संघ स्वतःच्या मैदानावर खेळत असो की दोन हजार मैलांवर सॅन डिएगोत, तरीही बंद. त्या मुलखातल्या सामन्यांसाठी स्थानिक क्रीडा चॅनेलने संघाला बक्कळ पैसे मोजलेले असतात. पॅकेजवरही तोच सामना दिसला तर तो चॅनेल कोण घेईल?

आता गंमत बघा. आयोवात मेजर लीगचा एकही संघ नाही. पण आयोवावर हक्क सांगणारे संघ सहा आहेत: शिकागोचे कब्स आणि व्हाइट सॉक्स, सेंट लुइस कार्डिनल्स, कॅन्सस सिटी रॉयल्स, मिनेसोटा ट्विन्स आणि मिलवॉकी ब्रुअर्स. मिलवॉकी डे मॉइनपासून साडेतीनशे मैलांहून लांब, तरी तो मामाचा 'गावातला' संघ! लास व्हेगासवरही असेच सहा संघ वर्षानुवर्षं हक्क सांगत आले. एका हंगामात 2430 सामने होतात. सहा संघांचे प्रत्येकी 162 धरले आणि त्यांचे आपसातले सामने वजा केले, तरी साधारण तिसरा हिस्सा मामाला बंद. आणि तो नेमका त्याला हवा असलेला तिसरा हिस्सा.

डायर्सव्हिलला मक्याच्या शेताशेजारी मैदान बांधून 12 ऑगस्ट 2021 ला व्हाइट सॉक्स आणि न्यूयॉर्कचे यँकीज खेळले. आयोवातला मेजर लीगचा तो पहिला सामना. तो फॉक्सवर देशभर दिसला म्हणून बरं, नाहीतर दारात झालेला सामनाही आयोवाला पाटीवरच वाचावा लागला असता.

मामाचं दुःख मला कळतं. 1984 साली तो आयोवातल्या एम्सला शिकायला आला तेव्हा डब्ल्यूजीएन हा कब्सचे सामने दाखवणारा शिकागोचा चॅनेल केबलवरून देशभर जायचा, आणि कब्सच्या रिगली फील्ड मैदानावर 1988 पर्यंत दिवेच नव्हते, त्यामुळे घरचे सामने दुपारी. लॅब चुकवून बघायला सोयीचे. 2014 नंतर डब्ल्यूजीएनने ते देशभर दाखवणं थांबवलं. 2020 पासून कब्सचा स्वतःचा चॅनेल आहे, तो मामाच्या केबलवर नाही. म्हणजे चॅनेल नाही म्हणून केबलवर बंद, आणि 'गावातला' संघ म्हणून पॅकेजवर बंद. पॅकेजवरच्या बंदीत डिश कुणाची, या प्रश्नाचा संबंधच येत नाही. कुठलीही छत्री लावा, झिपकोड बदलत नाही. (फॉरवर्डच्या शेवटी 'शिकागोच्या मित्राचा पत्ता द्या' असा शहाजोग सल्लाही आहे. शिकागोच्या पत्त्यावर कब्स पॅकेजमध्ये कसे दिसतील, बाबांनो? तो तर त्यांचा बालेकिल्ला.)

2007 च्या कराराबद्दल थोडं खरं आहे, ते मान्य करते. त्या जानेवारीत सात वर्षं आणि 70 कोटी डॉलर असे आकडे वर्तमानपत्रांत आले होते आणि मार्चमध्ये करार जाहीरही झाला. तोवर एक्स्ट्रा इनिंग्ज केबलवर आणि डिश नेटवर्क या दुसऱ्या छत्रीवाल्या कंपनीकडेही मिळायचं. ते एकट्या डायरेक्टीव्हीकडे जाणार म्हटल्यावर बोंब झाली, आणि ती रास्त होती. समोर उंच इमारत असेल, घरमालक छत्री लावू देत नसेल, तर त्या माणसाने काय करायचं? पण 'अख्खं बेसबॉल' कधीच विकलं गेलं नव्हतं. स्थानिक संघाचे सामने केबलवर होतेच, फॉक्स आणि ईएसपीएनवरचेही होते. शिवाय हंगाम सुरू होऊन आठवडा व्हायच्या आत, 4 एप्रिलला, इन डिमांड या केबल कंपन्यांच्या कंपनीशी लीगचा समझोता झाला आणि पॅकेज केबलवर राहिलं. त्या वर्षी वाऱ्यावर सुटले ते डिश नेटवर्कवाले. त्यांच्याबद्दल फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही.

सिनेटने काहीही रद्द केलं नाही. सिनेटर जॉन केरींनी आवाज उठवला, 27 मार्चला सिनेटच्या वाणिज्य समितीसमोर सुनावणी झाली, लीगवाल्यांना चार खडे बोल ऐकावे लागले. दडपण आलं असेल, पण समितीच्या सुनावणीत करार रद्द होत नसतात. खरी घासाघीस लीगच्या नव्या चॅनेलवरून चालली होती. तो 2009 च्या 1 जानेवारीला सुरू झाला. केबलवाल्यांनी तो लाखो घरांत सर्वसाधारण पॅकमध्ये द्यायचं कबूल केलं, आणि त्याच्या मालकीचा जो एक तृतीयांश वाटा लीगबाहेर गेला त्यात डायरेक्टीव्हीबरोबर कॉमकास्ट, टाइम वॉर्नर आणि कॉक्सही बसले. प्रेक्षकाच्या कळवळ्याने हे झालं, असं कुणाला वाटत असेल तर वाटो.

1922 चा निकाल खरा आहे. बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नाही, असं सुप्रीम कोर्ट तेव्हा म्हणालं आणि मक्तेदारीविरोधी कायद्यातून खेळ सुटला. 'म्हणून काही करता येत नाही' हे मात्र साफ खोटं. 2012 साली काही प्रेक्षकांनीच न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात या मुलूखवाटपावर दावा लावला. ऑगस्ट 2014 मध्ये न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी सांगितलं की ती जुनी माफी टीव्ही प्रक्षेपणाच्या हक्कांना लागू होत नाही, खटला चालेल. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हा एक निकाल वाचला असता तर निम्मा मजकूर त्याने स्वतःच खोडला असता, कारण मुलूख कसे वाटलेत आणि पॅकेज कशासाठी आहे हे सगळं त्यात आलंय. जानेवारी 2016 मध्ये, सुनावणी तोंडावर आलेली असताना, लीगने तडजोड केली. इंटरनेटवरचं पॅकेज स्वस्त झालं, एकाच संघाचं वेगळं पॅकेज मिळू लागलं. घरच्या मुलखातली बंदी मात्र तशीच राहिली. प्रेक्षकांनी लढून काहीतरी मिळवलं, पण मामाला हवं होतं ते नाही.

4.7 अब्ज डॉलर? ते अमेरिकन फुटबॉल! एनएफएल या फुटबॉल लीगच्या संडे तिकीट नावाच्या टीव्ही पॅकेजचा खटला. जून 2024 मध्ये ज्युरीने ती भरपाई ठरवली आणि 1 ऑगस्टला न्यायाधीशांनीच ती उडवून लावली. बेसबॉलशी याचा काडीचाही संबंध नाही. याच्या नावाखाली कुणी फॉर्म पाठवला तर कार्डाचा नंबर देऊ नका, एवढंच.

राहता राहिला भारत. हेही अर्धं खरं. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2004 च्या नियमांपासून भारतात चॅनेलवाल्याला आपला चॅनेल एकाच डिशवाल्याला किंवा केबलवाल्याला देऊन बाकीच्यांना अडवता येत नाही. पण सामना फुकट दिसणं वेगळं. डायरेक्टीव्हीची बोंब चालू होती त्याच जानेवारीत भारत आणि वेस्ट इंडीजचा नागपूरचा एकदिवसीय सामना दूरदर्शनवर थेट दिसला नव्हता, आठवतंय? त्या भांडणातूनच 2007 चा कायदा आला. तो राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांपुरता आहे, आयपीएल त्यात येत नाही. 2023 पासूनच्या आयपीएलचे टीव्हीचे हक्क एकाला आणि मोबाइलचे दुसऱ्याला विकले, तेव्हा तिकडचे काकाही कपाळाला हात लावून बसले होते.

मामाने पॅकेज परत केलेलं नाही. परतीची मुदत गेली, आणि रात्री नऊला सिएटलचा सामना लागतो, तो दिसतो. मामी म्हणाली, आता तो सिएटलच्या मरिनर्स संघातल्या पोरांची नावं पाठ करतोय. कब्स तो गाडीत बसून रेडिओवर ऐकतो, गॅरेजचं दार अर्धं उघडं ठेवून.