‘कागदाचा केसपेपर हॅक होत नाही’: त्या संदेशातल्या एकेका दाव्याला उत्तर

व्हॉट्सॲपवर सध्या फिरणारा एक संदेश थोडक्यात असा आहे: “सावधान! ऑनलाइन झालेल्या हॉस्पिटलमध्ये तुमची फाइल सुरक्षित नाही. कागदाचा केसपेपर हॅक होत नाही. दिल्लीच्या एम्सचं काय झालं ते आठवा. सर्वर बंद पडला की उपचार बंद. डॉक्टर पेशंटकडे नाही, स्क्रीनकडे बघतात. आभा कार्ड काढलं की तुमचे सगळे आजार सरकारच्या कॉम्प्युटरवर. उद्या केस झाली तर कोर्टात कागदच चालतो. म्हणून कागदी फाइलच मागा.”

हा संदेश शिकलेली, काळजी करणारी माणसं पुढे पाठवतात. त्यामागची भीती खोटी नाही. पण त्यात सुचवलेला उपाय रुग्णाचं नुकसान करणारा आहे, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

पहिला दावा, कागद हॅक होत नाही. शब्दशः खरं आहे. पण वॉर्डात खाटेच्या पायथ्याशी लटकलेली फाइल कोण कोण वाचतं? नातेवाईक, शेजारच्या खाटेवरचे पाहुणे, एजंट, मोबाइलवर फोटो काढणारा कुणीही. त्याची नोंद कुठेच होत नाही. एमआरडीच्या, म्हणजे जुन्या फाइली ठेवणाऱ्या विभागाच्या खोलीत छतापर्यंत रचलेल्या गठ्ठ्यांतून एखादी फाइल गेली, तर ती चोरीला गेली, चुकीच्या गठ्ठ्यात बांधली गेली की वाळवीनं खाल्ली, हे सांगता येत नाही. बहुतेक वेळा ती गेली आहे हेच कळत नाही, कारण ती मागायला कुणी येत नाही.

याउलट सिंगापूरचं उदाहरण घ्या. २०१८ साली तिथल्या सिंगहेल्थ या सार्वजनिक रुग्णालय-समूहाच्या डेटाबेसमधून, म्हणजे संगणकावरच्या नोंदींच्या साठ्यातून, सुमारे १५ लाख रुग्णांची नावं, पत्ते आणि ओळख क्रमांक चोरीला गेले. त्यातल्या १ लाख ६० हजार लोकांच्या औषधांची माहितीही गेली, आणि त्यांत तेव्हाचे पंतप्रधान ली श्येन लूंग होते. इतकी मोठी चोरी कागदाच्या गठ्ठ्यातून होऊच शकत नाही, हे मी मान्य करतो. एका फटक्यात लाखो नोंदी जाणं हा डेटाबेसचा खराखुरा धोका आहे. पण कोणत्या तारखांना, कोणत्या वाटेनं, कुणाकुणाची आणि कोणती माहिती गेली हे तिथे शोधता आलं, ज्यांची गेली त्यांना कळवता आलं, आणि चौकशी समितीला चुका नेमक्या दाखवता आल्या. कारण डेटाबेसमध्ये कोणी काय उघडलं याची नोंद ठेवता येते. आपल्या रुग्णालयात ही नोंद ठेवली जाते का, ती महिन्यातून एकदा तरी कुणी वाचतं का, हा प्रश्न विचारायला हवा. कागद मागून तो प्रश्नच विचारता येत नाही.

शिवाय कागदाला आग आणि पाणी आहेच. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा किती फाइली गेल्या याची चर्चा महाराष्ट्रात पुढे कितीतरी दिवस चालली होती. ऑगस्ट २००५ मध्ये कतरीना वादळानं अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स शहर बुडालं, तेव्हा अनेक दवाखान्यांचे कागद चिखलात गेले. तिथलं माजी सैनिकांचं रुग्णालयही बंद पडलं, पण त्याच्या नोंदी संगणकावर होत्या. म्हणून विस्थापित झालेले त्याचे रुग्ण दुसऱ्या शहरातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात गेले तेव्हा त्यांची औषधं आणि जुने अहवाल तिथल्या डॉक्टरांना पाहता आले. कर्करोगाच्या उपचारांत अर्ध्यावर असलेल्या माणसाला याची किंमत विचारा.

आता एम्स. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. ओपीडीची नोंदणी, भरती, डिस्चार्ज, तपासण्यांचे अहवाल, सगळं हातानं करावं लागलं. हाल झाले, यात वाद नाही. पण सरकारनं संसदेत दिलेलं उत्तर संदेश पाठवणाऱ्यांनी वाचलेलं दिसत नाही. पाच सर्वर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला, आणि हे घडलं नेटवर्कचे भाग नीट वेगळे न केल्यामुळे. म्हणजे एका खोलीत शिरलेल्याला साऱ्या वाड्यात फिरता येत होतं. त्याच उत्तरात असंही आहे की ई-हॉस्पिटल या एम्सच्या संगणक प्रणालीचा डेटा हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्वरवरून परत मिळवून नव्या सर्वरांवर उतरवण्यात आला आणि दोन आठवड्यांत बहुतेक कामं पूर्ववत झाली. कुलपं लावली नव्हती म्हणून घटना घडली आणि प्रत ठेवली होती म्हणून नोंदी वाचल्या. दोन्ही गोष्टी एकाच घटनेतल्या आहेत, संदेशात मात्र अर्धीच येते.

ब्रिटनमध्ये मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअर किड्याचा हल्ला झाला तेव्हा हेच दिसलं. इंग्लंडमधल्या २३६ पैकी किमान ८० एनएचएस ट्रस्टना (सरकारी आरोग्यसेवेतल्या संस्थांना) त्याचा फटका बसला आणि सुमारे १९,००० अपॉइंटमेंट रद्द झाल्याचा अंदाज सरकारी लेखापरीक्षणात नोंदवला गेला. ज्या दोषातून तो किडा शिरला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती. ती बसवायची राहिली होती.

“सर्वर बंद पडला की उपचार बंद” या दाव्यावर मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण डेटाबेस म्हणजे टाइप केलेलं रजिस्टर, हा सगळ्यात मोठा गैरसमज त्यात आहे.

एका रुग्णाचा डिस्चार्ज होतो तेव्हा बिल बंद करायचं असतं, खाट रिकामी दाखवायची असते, न वापरलेली औषधं फार्मसीच्या साठ्यात परत घ्यायची असतात, डिस्चार्ज कार्ड निघायचं असतं. कागदावर ही चार रजिस्टरं आणि चार माणसं. त्यातलं एक राहिलं तर भरलेली खाट रिकामी दिसते किंवा रिकामी खाट भरलेली, आणि कॅज्युअल्टीत ट्रॉलीवर माणूस ताटकळत राहतो. डेटाबेसमध्ये या चारही नोंदी एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधता येतात: झाल्या तर चारही होतील, नाहीतर एकही होणार नाही. मध्येच वीज गेली तर? चांगला डेटाबेस कुठलाही बदल आधी आपल्या लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या रोजनिशीत, उतरवतो आणि मग मूळ तक्त्यात करतो. वीज आल्यावर तो लॉग वाचतो, पूर्ण झालेलं ठेवतो आणि अर्धवट राहिलेलं पुसतो. सर्वर बंद पडू शकतो हे गृहीत धरूनच या यंत्रणा रचलेल्या आहेत.

रक्तपेढीत याचं महत्त्व आणखी कळतं. ओ निगेटिव्हची एकच पिशवी उरली आहे आणि लेबर रूम व ऑपरेशन थिएटर, दोन्हीकडून एकाच वेळी मागणी येते. फोन आणि रजिस्टरवर चालणाऱ्या रक्तपेढीत एकच पिशवी दोघांना कबूल होऊ शकते. डेटाबेस ती नोंद पहिल्यासाठी अडवतो आणि दुसऱ्याला तत्क्षणी सांगतो की पिशवी नाही, दुसरीकडे शोधा. त्या शोधाशोधीसाठी मिळालेली वीस मिनिटं बाळंतिणीचा जीव वाचवू शकतात.

तीच गोष्ट ओळखीची. आपल्याकडे एकाच वॉर्डात एकाच नावाचे दोन जाधव किंवा दोन पाटील असणं अजिबात नवलाचं नाही. जन्मतारखेवरून वेगळे करावेत, तर शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेल्या १ जून या तारखेनं अर्ध्या गावाचा वाढदिवस एकच करून ठेवलाय. नावानं चिकटवलेलं लेबल इथे घात करतं. प्रत्येक रुग्णाला न बदलणारा एकच नंबर, मनगटावरच्या पट्टीवर त्याचा बारकोड, आणि त्या नंबराशिवाय रक्ताचा नमुना प्रयोगशाळेनं स्वीकारूच नये असा डेटाबेसचा नियम, एवढ्यानं नमुन्यांची अदलाबदल खूप कमी होते. नोंदणीच्या खिडकीवरच एका माणसाचे दोन नंबर काढले गेले तर मात्र हेही निरुपयोगी. म्हणून तिथे बसणाऱ्या माणसाला नीट शिकवणं सर्वर विकत घेण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

आणि बंद पडल्यावर काय करायचं? प्रत्येक वॉर्डात छापील फॉर्म तयार हवेत, चालू औषधांची यादी ठरावीक तासांनी एखाद्या स्वतंत्र संगणकावर उतरत राहायला हवी, आणि याचा सराव व्हायला हवा, आगीच्या ड्रिलसारखाच. हा सराव होत नसेल तर संदेशातली भीती त्या रुग्णालयापुरती खरी आहे.

संगणक आणला की आपोआप जीव वाचतात, असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या बॉस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये डॉक्टर औषधं संगणकावर लिहू लागल्यावर औषधांच्या गंभीर चुका ५५ टक्क्यांनी घटल्या. तो अभ्यास १९९८ चा आहे. पण २००५ साली पिट्सबर्गच्या बालरुग्णालयातून उलटा अभ्यास आला. अशीच प्रणाली घाईनं बसवल्यावर बाहेरून हलवून आणलेल्या मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण २.८० वरून ६.५७ टक्क्यांवर गेलं. मूल दारात येऊन त्याची नोंदणी होईपर्यंत औषधाची ऑर्डरच टाकता येत नव्हती. पूर्वी ॲम्ब्युलन्स वाटेत असतानाच तयारी सुरू होत असे. पुढच्याच वर्षी सिॲटलच्या बालरुग्णालयानं तेच सॉफ्टवेअर वापरूनही मृत्यू वाढले नसल्याचं दाखवलं. फरक बसवण्याच्या पद्धतीत होता. आयसीयूतल्या सिस्टरला न विचारता, तिच्या कामाचा क्रम न बघता प्रणाली लादली तर ती माणसं मारू शकते. याबद्दल भांडायला हवं, आणि तेही रुग्णालयाच्या आत.

डॉक्टर स्क्रीनकडे बघतात, हा संदेशातला सगळ्यात खरा मुद्दा. अमेरिकेतल्या २०१६ च्या एका अभ्यासात रुग्णासोबतच्या प्रत्येक तासामागे डॉक्टरांचे जवळजवळ दोन तास संगणकावर आणि टेबलावरच्या कामात जात असल्याचं आढळलं. तिथल्या नोंदींचा मोठा भाग बिल आणि विम्यासाठी असतो. आपल्याकडेही विम्याच्या दाव्यांसाठी रकाने वाढत चाललेत. जो रकाना उपचाराला लागत नाही तो डॉक्टरला भरायला लावू नये.

आभाबद्दल सरळ माहिती देतो. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं. आभा हा त्यातला १४ अंकी क्रमांक. तो ऐच्छिक आहे. नसला म्हणून कुणी उपचार नाकारू शकत नाही. या रचनेत तुमचे अहवाल एका मोठ्या सरकारी कोठारात जमा होत नाहीत, ज्या रुग्णालयात किंवा लॅबमध्ये तयार झाले तिथेच राहतात. दुसऱ्या डॉक्टरला ते हवे असतील तर तुमच्याकडे संमतीची विनंती येते, त्यात कोणती माहिती आणि किती काळासाठी हे लिहिलेलं असतं, आणि तुम्ही ती नाकारू शकता. खरा धोका वेगळ्या ठिकाणी आहे. केसपेपरच्या रांगेत उभ्या असलेल्या आजीबाईंकडून “ओटीपी सांगा” म्हणत, काहीही न समजावता घेतलेली संमती ही संमती नव्हे. आणि अहवाल जिथे राहतात त्या छोट्या दवाखान्याचा संगणक किती सुरक्षित आहे, हाही प्रश्न आहेच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

कोर्टात कागदच चालतो, हे चूक. इलेक्ट्रॉनिक नोंदींना २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं मान्यता दिली आहे, आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्रासह त्या पुरावा म्हणून सादर होतात. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत तर भरती रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपा, मागितल्यावर ७२ तासांत द्या, आणि लवकर सापडाव्यात म्हणून त्या संगणकावर आणण्याचा प्रयत्न करा, असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

संदेशात ज्याचा उल्लेखच नाही, ती गोष्ट मला सर्वांत जास्त सलते. महाराष्ट्रातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत वर्षानुवर्षं वापरात असलेली एचएमआयएस ही रुग्णनोंदींची संगणक प्रणाली २०२२ साली कंत्राटाच्या वादात बंद पडली आणि लोक पुन्हा हातानं केसपेपर लिहू लागले. कुणी हॅकर आला नव्हता, सर्वर जळाला नव्हता. गोरगरिबांच्या कितीतरी वर्षांच्या नोंदी अशा कंत्राटावर टांगलेल्या असणं मला मान्य नाही.

यावर उपाय आहे आणि तो आपल्याच देशात चालून दाखवलेला आहे. छत्तीसगडच्या गनियारीत जन स्वास्थ्य सहयोगच्या ग्रामीण रुग्णालयात ‘बाह्मनी’ ही मुक्तस्रोत (जिचा कोड सर्वांना खुला असतो अशी) प्रणाली आधी उभी राहिली. तिच्यात रुग्णाच्या नोंदी मायएसक्यूएलमध्ये आणि प्रयोगशाळा व बिलांचा हिशेब पोस्टग्रेसमध्ये राहतो. हे दोन्ही डेटाबेस कुणालाही फुकट वापरता येतात आणि सेवा देणारा बदलला तरी डेटा उघडता येतो. प्रणाली कोणतीही घ्या, पण निविदेत चार गोष्टी लिहून घ्या. डेटाची मालकी रुग्णालयाची राहील. करार संपल्यावर तो सगळा, तक्त्यांच्या वर्णनासह, उघडता येईल अशा स्वरूपात मिळेल. पैशांचा वाद कितीही पेटला तरी जुन्या नोंदी वाचण्याची सोय बंद होणार नाही. आणि दर तीन महिन्यांनी बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवून, एखाद्या जुन्या रुग्णाची फाइल त्यातून उघडून दाखवली जाईल. अधिष्ठात्यांनी याशिवाय सही करू नये.