"3 तास मशीनला हात लावला नाही" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

रिव्ह्यू परवाच वाचला होता. लगेच उत्तर टाकलं नाही कारण आधी त्या दिवशी तुमच्याकडे आलेल्या आमच्या मिस्त्रीला आणि हेल्परला समोर बसवून सगळं ऐकून घेतलं, आज लिहितोय. बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून तुमची तक्रार आधी मांडतो. पोकलेनचा एक हायड्रॉलिक होज (प्रेशरचं ऑइल नेणारा जाड रबरी पाइप) गळत होता आणि एका बाजूची चेन (ज्यावर मशीन चालतं तो पट्टा) ढिली झालेली, मिस्त्री सकाळी आला पण पहिले 3 तास त्याने पाना हातात घेतला नाही, चालू काम थांबवून मशीन 40-50 मीटर लांब न्यायला लावलं, किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली, मशीन दोनदा बंद-चालू केलं, तुमच्या ऑपरेटरवर सगळ्यांसमोर ओरडला आणि होज बसेपर्यंत संध्याकाळ झाली. शेवटी तुम्ही लिहिलंय, "माझ्या ऑपरेटरने हात फिरवून 5 मिनिटात गळती शोधली असती, यांनी बिल वाढवायला टाइमपास केला."

आधी आमच्या चुका. फोनवर मी स्वतः तुम्हाला "दीड-दोन तासात होईल" असं बोललो, मशीन कुठे उभंय, किती तापलंय, बूम (मशीनचा मोठा हात) वर आहे का खाली, काही न विचारता बोललो, ते चुकलं. दुसरं म्हणजे मॉडेल ऐकून होज घेऊन आलो पण फिटिंगचा, म्हणजे होज जोडायच्या टोकाचा, साइज वेगळा निघाला, हेल्परला परत येऊन नवीन होज प्रेस करून न्यावा लागला, त्यात दोन तास गेले. तो वेळ पूर्णपणे आमचा, बिलातून तो काढायला सांगितलाय, सुधारलेलं बिल आज तुम्हाला मिळेल. आणि मिस्त्री काय करतोय, का थांबलाय, हे त्याने तुम्हाला नीट सांगायला हवं होतं. तुमचे टिपर उभे, माणसं बसलेली, अशा वेळी समोरचा मिस्त्री नुसता हात बांधून उभा दिसला की कोणालाही राग येणारच, मलाही आला असता.

पण ते पहिले 3 तास बिलातून काढणार नाही. आणि ते हात फिरवून शोधण्याचं वाक्य मी तसंच सोडू शकत नाही, कारण माझ्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाची पुढची दोन पेरं त्याच्यामुळेच गेलीत.

तेव्हा मी हेल्पर होतो, दुसऱ्यांच्या गॅरेजमध्ये. मशीन चालू, होजच्या खाली कुठेतरी ओल दिसत होती, मी हातमोजा घालून होजवरून हात फिरवला. काटा टोचल्यासारखं झालं, बस. मोजा काढून बघितलं तर सुईच्या टोकाएवढा ठिपका, रक्त पण नीट नाही. पुसलं आणि संध्याकाळपर्यंत काम केलं. रात्री बोट सुजून काळंनिळं झालं, पहिल्या डॉक्टरने धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं कारण मी त्यांना "खिळा लागला असेल" असं सांगितलं होतं, मला स्वतःलाच माहीत नव्हतं काय झालंय. दुसऱ्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलमध्ये बोट उघडलं तेव्हा आत ऑइल पसरलेलं होतं. तोपर्यंत उशीर झालेला.

पोकलेनच्या हायड्रॉलिक लाइनमध्ये जोर लागतो तेव्हा प्रेशर 300 ते 350 बारपर्यंत जातं, म्हणजे साधारण 5,000 पीएसआय. कारच्या टायरमध्ये 30-35 असतं, त्यावरून अंदाज घ्या. कातडीतून आत घुसायला 100 पीएसआयच्या आसपास पण पुरतं, आणि होजला पडलेलं भोक केसाएवढं असतं त्यामुळे धार डोळ्याला दिसतच नाही, फार तर धुक्यासारखं काहीतरी वाटतं. हातमोजा तिला अडवत नाही. ऑइल आत गेलं की बोटातून तळहातात, तिथून मनगटाकडे सरकतं आणि आतला मांसल भाग मरायला लागतो, वरून मात्र ठिपकाच दिसतो आणि पहिले काही तास फारसं दुखत पण नाही, म्हणूनच माणूस दुर्लक्ष करतो. हे वाचणाऱ्या कोणालाही असं झालं तर घरी जाऊ नका, दुखायची वाट बघू नका, सरळ ऑपरेशनची सोय असलेल्या हॉस्पिटलमध्ये जा आणि डॉक्टरला स्पष्ट सांगा की जोराच्या प्रेशरने हायड्रॉलिक ऑइल आत गेलंय, जमलं तर ऑइलचा डबा किंवा त्याचा फोटो सोबत न्या. हे एक वाक्य मी त्या दिवशी डॉक्टरला सांगितलं असतं तर कदाचित बोट राहिलं असतं.

आता त्या 3 तासांचं. मिस्त्री आला तेव्हा मशीन खोदलेल्या चरीच्या काठाला, उतारावर, बूम वर आणि बकेट हवेत असं उभं होतं. तिथे बकेट सपाट टेकवताच येत नव्हती आणि काठाची माती भुसभुशीत, म्हणून मशीन सपाट कडक जागेवर न्यायला लावलं. तुम्ही लिहिलंय की आधीचा मिस्त्री बूम वर ठेवूनच, खाली विटांचा थर लावून अर्ध्या तासात होज बदलायचा. साहेब, तो नशिबाने वाचलाय. बूम, आर्म, बकेट मिळून काही टन वजन आणि ते हवेत धरून ठेवलंय फक्त सिलिंडरमध्ये कोंडलेल्या ऑइलने, आणि आपण नेमकं ते ऑइलच सोडायला निघालोय! वीट किंवा सिमेंटचा ब्लॉक दबताना आधी आवाज करत नाही, एकदम फुटतो. लाकडाचा जाड ठोकळा निदान करकरतो, दबतो, बाजूला व्हायला क्षणभर तरी मिळतो, आणि तो पण बूम खाली घेणं शक्यच नसेल तेव्हा. आमच्याकडे नियम साधा आहे, बकेट जमिनीवर टेकल्याशिवाय कोणी खाली जायचं नाही, जिथे बूम वर ठेवूनच काम करावं लागतं तिथे लोखंडी सपोर्ट लागतो, नुसत्या सिलिंडरच्या भरवशावर कोणी वाकायचं नाही.

मग थंड व्हायला वेळ गेला. मशीन सकाळपासून जोरात चाललेलं, ऑइल चांगलंच तापलेलं, अशा वेळी फिटिंग उघडली तर ते अंगावर येतं आणि कपड्यात मुरून कातडीला धरून बसतं. त्याच वेळात तुमचा ऑपरेटर पाणी कमी वाटतंय म्हणून रेडिएटरचं झाकण उघडायला निघाला होता, त्याला मिस्त्रीने अडवलं, ते बहुतेक तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. रेडिएटर आत प्रेशरवर असतो त्यामुळे पाणी 100 अंशाच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण सैल झालं की प्रेशर पडतं आणि त्याच क्षणी उकळून वाफेसकट तोंडावर येतं. झाकण हात लावण्याइतकं थंड होईपर्यंत थांबायचं आणि मग पण हळू हळू सोडायचं.

मशीन दोनदा बंद-चालू का केलं, तर गळती शोधायला प्रेशर लागतं आणि दुरुस्तीला प्रेशर अजिबात नको, दोन्ही एकाच वेळी होत नाही. आधी बंद करून सगळं ऑइल-माती पुसून धुतलं, नाहीतर जुनी ओल कुठली आणि नवी कुठली कळतच नाही. मग ऑपरेटरला केबिनमध्ये बसवून इंजिन कमी रेसवर चालू केलं, बाकी सगळे लांब, आणि मिस्त्रीने चेहऱ्यावर शिल्ड लावून लांबूनच पुठ्ठ्याचा मोठा तुकडा होजच्या कडेने फिरवला. आर्म सिलिंडरकडे जाणाऱ्या होजच्या प्रेस केलेल्या टोकापाशी पुठ्ठ्यावर बारीक ओली रेघ उमटली, भोक तिथेच होतं. हेच काम तुमचा ऑपरेटर हाताने करणार होता. त्यानंतर परत बंद. आणि नुसतं इंजिन बंद केलं म्हणजे प्रेशर जात नाही हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये (प्रेशर साठवून ठेवणारा भाग) आणि लाइनमध्ये ते अडकून राहतं, म्हणून किल्ली ऑन, सेफ्टी लिव्हर अनलॉक करून दोन्ही जॉयस्टिक सगळ्या बाजूंना बऱ्याच वेळा हलवायच्या, मग ऑइल टँकच्या ब्रीदरमधून (हवा जायच्या तोंडातून) हवा सोडायची आणि तरीही फिटिंग एकदम न उघडता अर्धा आटा सोडून थांबायचं, काही येतंय का बघायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं हा केबिनमध्ये बसून लिव्हरशी खेळतोय.

किल्ली खिशात टाकली, हो टाकली, आणि बॅटरीच्या कट-ऑफ स्विचला कुलूप लावून लाल टॅग पण लावला. याला लॉकआउट-टॅगआउट म्हणतात, अमेरिकेत ओशाने (तिथली कामगार सुरक्षेची सरकारी संस्था) कारखान्यांसाठी 1989 मध्येच त्याचा नियम केलाय, आम्ही काही नवीन काढलेलं नाही. तुमचा ऑपरेटर कामाला चांगला आहे, त्याच्यावर अविश्वास नाही. पण मिस्त्री होजपाशी वाकलेला असताना तो दोनदा केबिनकडे गेला होता, टिपर आला म्हणून मशीन जरा बाजूला घ्यायला. केबिनमधून पुढे वाकलेला माणूस दिसेलच असं नाही. किल्ली मशीनलाच असती तर त्याने सवयीने फिरवली असती. मिस्त्रीची किल्ली मिस्त्रीच्याच खिशात राहणार, यात मालक, ऑपरेटर, मी स्वतः, कोणालाच सूट नाही.

ओरडण्याचं मात्र दोन्ही बाजूंनी सांगतो. चेन टाइट करायची म्हणजे ती ताणणाऱ्या सिलिंडरमध्ये ग्रीस भरायचं आणि जास्त झालं तर व्हॉल्व्ह जरा सैल करून ग्रीस सोडायचं. आत ग्रीस प्रचंड प्रेशरवर असतं, शिवाय पुढे दाबून ठेवलेली मोठी स्प्रिंग असते, म्हणून तो व्हॉल्व्ह हळूहळू आणि एका आट्याच्या वर सोडत नाहीत, आणि सोडताना त्याच्या समोर कोणी म्हणजे कोणी नसतं, सोडणारा पण बाजूला असतो. नाहीतर व्हॉल्व्हच गोळीसारखा बाहेर येतो. मिस्त्रीचा पाना व्हॉल्व्हवर असताना तुमचा ऑपरेटर ग्रीस येतंय का बघायला नेमका समोर तोंड करून वाकला. त्या क्षणी "कृपया बाजूला व्हा" म्हणायला वेळ नव्हता, ओरडला ते बरोबरच केलं. पण नंतर जे दोन-तीन शब्द गेले ते जायला नको होते, तो माणूस आपल्या लोकांसमोर खजील झाला. त्याबद्दल मिस्त्रीने त्याला काल फोन करून माफी मागितलीय आणि मी इथे सगळ्यांसमोर मागतो.

यापुढे फोनवर आम्ही मशीनची जागा, बूमची स्थिती आणि शेवटचं कधी बंद केलं हे विचारूनच वेळ सांगणार, आणि प्रत्यक्ष दुरुस्तीचा वेळ व तयारीचा वेळ वेगवेगळा सांगणार. तुमच्या बाजूने एवढं झालं तर अर्धा वेळ वाचेल, आम्ही निघालो म्हणून फोन केला की मशीन सपाट जागेवर नेऊन बकेट टेकवून बंद करून ठेवायचं, आम्ही पोचेपर्यंत ते निवतं.

एक काम अजून बाकी आहे. बदललेल्या होजच्या शेजारचा होज पण क्लॅम्पपाशी घासलाय, वरचं रबर जाऊन आतली तारेची जाळी दिसतेय, मिस्त्रीने जॉब कार्डवर लिहिलंय पण गडबडीत तुमच्यापर्यंत आलं नसेल. साइज मोजून आणलाय, होज तयार करून ठेवतो, तुम्ही दिवस सांगा. तोपर्यंत ऑपरेटरला एवढं सांगून ठेवा, तिथे ओल किंवा धुकं दिसलं तर जवळ जाऊ नको, बकेट टेकव, इंजिन बंद कर आणि आम्हाला फोन लाव.