कुंडी एक आणि सल्लागार अख्खी बिल्डिंग

बाल्कनीत चार कुंड्या दिसल्या रे दिसल्या की येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात कृषी अधिकारी संचारतो. आमच्या कढीपत्त्याचंच घ्या ना. सासूबाई म्हणतात आंबट ताक घाल, शेजारच्या काकू म्हणतात तांदूळ धुतलेलं पाणी घाल, आमचे अहो कुठलातरी व्हिडिओ बघून एप्सम सॉल्टवर अडून बसलेत, आणि कामाच्या मावशी म्हणाल्या, "ताई, त्याला काय बी नको, नुसतं ऊन द्या." मावशींचंच बरोबर होतं, पण ऊन आणू कुठून? समोर टॉवर झाल्यापासून आमच्याकडे सकाळी तासभर येतं, तेही उपकार केल्यासारखं. मिरची-टोमॅटोला रोज 5-6 तास तरी कडक ऊन लागतं, त्यामुळे त्यांच्या नावाने आधीच पाणी सोडलं.

पाण्यावरून आठवलं. घरातल्या प्रत्येकाला वाटतं की बाकीच्यांनी घातलं नसणार, बिचारं झाड तहानलेलं असेल, मग जो उठतो तो तांब्या ओततो. अरे, नवशिक्यांची झाडं तहानेने कमी आणि पाजून पाजूनच जास्त मरतात, मुळं कुजतात, आणि पानं पिवळी पडली की लोक अजून पाणी घालतात! मातीत बोट खुपसायचं, पेरभर आत कोरडं लागलं तरच घालायचं, हे सांगून सांगून माझा घसा कोरडा पडला. शेवटी तुळशीच्या कुंडीवर 'मी प्यायलेली आहे' अशी चिठ्ठी लावली, तर पाहुण्यांसमोर सासूबाईंनी ती टराटरा फाडली.

जास्तीचं पाणी थेट खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर. त्या वर येऊन बोलून गेल्या म्हणून कुंड्यांखाली ताटल्या ठेवल्या, तर ताटल्यांत डासांच्या अळ्या वळवळायला लागल्या. आता रोज ताटल्या उपडी करणे हे एक नवीन काम.

तरी हौस फिटेना म्हणून कोथिंबीर लावायला घेतली. अख्खे धणे पेरू नका हं, पोळपाटावर लाटण्याने हलके रगडून एकाचे दोन करायचे, पार पूड नाही, मग रात्रभर भिजवून पेरायचे आणि 8-10 दिवस गप्प बसायचं. मी गप्प बसले, आणि कबुतरीणही येऊन बसली. बरोब्बर त्याच कुंडीत. दोन अंडी घालून. हाकलायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, "अगं बाळंतीण आहे ती, राहू दे." म्हणजे आता 18 दिवस अंडी उबवणार, मग पिल्लं उडेपर्यंत अजून महिनाभर, आणि तोवर आम्ही भाजीवाल्याकडून जुडी आणणार.

काल खालच्या काकू चादरीचं भांडण विसरून मुद्दाम बघायला आल्या. चहा घेतला, अंडी बघितली आणि निघताना दारातून बजावलं, "सध्या त्या कुंडीला अजिबात पाणी घालू नका हं कोणी."

घरातल्या एकूण एक माणसाने लगेच ऐकलं.